आधी निवड, मग यंत्र: तंत्रज्ञान आणि स्वतःच्या निर्णयावर कुमारवयीन मुलांसाठी विज्ञान कादंबरी कशी लिहायची

कोल्हापुरात लिहिणारी पोरं कमी नाहीत. कॉलेजची आहेत, शिक्षक आहेत, एमआयडीसीत शिफ्ट करून रात्री टाइप करणारे पण आहेत, आणि त्यातले बरेच जण सध्या एकाच विषयावर लिहायला बसलेत. मोबाईल, एआय आणि त्यात अडकलेली दहावी-बारावीची मुलं. असे खर्डे वाचायला येतात तेव्हा एक चूक जवळपास सगळीकडं दिसते, ती म्हणजे क्रम उलटा असतो. आधी यंत्र ठरतं (मेंदूत चिप, नाहीतर सगळं जाणणारं ॲप), मग ते बनवणारी दुष्ट कंपनी, मग कंपनीचा मालक, मग हिरो, आणि हिरोला नेमकं काय निवडायचंय हे दोनशे पानांनंतर लेखकाला आठवतं. मग शेवटी सर्व्हर रूमला आग लावून विषय संपवतात.

तर खाली जो क्रम दिलाय तो शक्यतो मोडू नका, निदान पहिल्या कादंबरीला तरी.

## बसण्याआधीची तयारी

एक वही घ्या. लॅपटॉप नको, कारण लॅपटॉप उघडला की माणूस थेट पहिला चॅप्टर लिहायला लागतो.

पहिलं काम, ज्यांच्यासाठी लिहिताय त्या वयाच्या दोन-तीन मुलामुलींना विचारा की काल दिवसभरात तू कायकाय ठरवलंस, आणि त्यातलं कुठलं फोननं सुचवलं म्हणून ठरवलंस. ही यादी वहीत उतरवा. पुढं काय बघायचं हे ऑटोप्लेनं ठरवलं, कुठल्या रस्त्यानं जायचं हे मॅपनं, कुणाच्या स्टेटसला रिप्लाय द्यायचा हे नोटिफिकेशननं. तुमच्या कल्पनेतल्या चिपपेक्षा ही यादी जास्त कामाची आहे. आणि विचारताना लेक्चर देऊ नका, नाहीतर पुढचं काही सांगणार नाहीत.

दुसरं काम, कायदा थोडा बघून ठेवा. आपल्याकडं २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा आहे, त्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण बालक धरलाय. म्हणजे त्याचा डेटा वापरायला आईवडिलांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि मुलांवर पाळत ठेवणं, त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणं यावर बंधन आहे (काही सवलती आहेत, त्या वेगळ्या). लेखकाला ह्यात केवढा मसाला आहे बघा. सोळा वर्षांच्या मुलीच्या डेटाबद्दल ती स्वतः हो पण म्हणू शकत नाही, तिच्या वतीनं बापानं सहावीतच कुठल्यातरी फॉर्मवर सही केलेली असते, तीही न वाचता. आणि अठरावा वाढदिवस आपोआप कथेतली डेडलाइन होऊन बसतो.

तिसरं, वाचकाचं वय ठरवा. तेरा ते अठरा हे एकच वय नाही. तेराच्या वाचकाला घरच्यांची परवानगी हा प्रश्न मोठा, सतराच्याला पैसे, प्रेम आणि गाव सोडणं. मी साधारण पंधरा-सोळा धरून पुढचं सांगतो.

## टप्पा १: निवड एका वाक्यात लिहा

यंत्राचं नाव अजून काढायचं नाही. आधी हे वाक्य पूर्ण करा: "अमुक मुलीला अमुक दिवसाच्या आत हे किंवा ते ठरवायचंय, आणि एकदा ठरवलं की परत फिरता येणार नाही."

उदाहरण म्हणून एक कथा घेऊ, शेवटपर्यंत तीच वापरू. वैष्णवी, वय सोळा, गाव वडणगे, बाप शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत. पोरगी कुस्ती खेळते, ५७ किलो गट. दहावी झालीय आणि अकरावीच्या पसंतीक्रमाचा फॉर्म भरायचाय. एक तर कुस्ती धरून राहायचं, नाहीतर सायन्स घेऊन क्लास लावायचा. दोन्हीला लागणारा वेळ आणि पैसा घरात नाही, एकालाच आहे.

ही निवड चालते, कारण दोन्ही बाजू चांगल्या आहेत. नवख्यांचं इथंच चुकतं, ते एका बाजूला स्वातंत्र्य ठेवतात आणि दुसऱ्या बाजूला गुलामी, मग वाचकाला विचार करायला शिल्लक काय राहिलं? सोळा वर्षांचा पोरगा पहिल्याच पानावर ओळखतो की हिरो कुठं जाणार.

तपासा: तुमचं वाक्य घरातल्या दोन माणसांना सांगा आणि तुम्ही काय केलं असतं ते विचारा. दोघांचं उत्तर पटकन आणि एकच आलं, तर निवड कच्ची आहे. घरात भांडण लागलं तर पुढं सरका.

सावध: नायिकेचं नाव मुक्ता, स्वच्छंदा, आझाद असलं काही ठेवू नका. खरंच, लई जण ठेवतात.

## टप्पा २: यंत्र निवड काढून कशी घेतं, ते ठरवा

आता यंत्र. पण "काय यंत्र" हा प्रश्न नंतर, "निवड कुठल्या मार्गानं जाते" हा आधी. मला दिसतात ते मार्ग चार.

एक, थेट करून टाकणं. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे आठवा. पाणी ठराविक पातळीला आलं की दार आपोआप उघडतं, एका दारातून १४२८ क्युसेक पाणी खाली भोगावतीत येतं, आणि उघडावं का नको याची मीटिंग तिथं होत नाही. असं यंत्र वाईट नसतं, कित्येकदा माणसापेक्षा भरवशाचं असतं. पण त्याच्याशी वाद घालता येत नाही.

दोन, आधीच टिक करून ठेवणं. फॉर्ममध्ये पर्याय सगळे असतात, फक्त एक आधीच निवडलेला असतो आणि बदलायचं बटण तीन स्क्रीन आत. बहुतेक माणसं बदलत नाहीत, आळसानं म्हणा किंवा "त्यांनी ठेवलंय म्हणजे बरोबरच असेल" म्हणून.

तीन, पर्याय लपवणं. पुण्याकडनं येणाऱ्या पाहुण्याला मॅपनं कायम तावडे हॉटेलकडनंच शहरात घातलं, तर त्याच्या लेखी कोल्हापूरला दुसरा रस्ताच नाही. त्याला कुणी अडवलेलं नाही, त्याला फक्त दिसलं नाही.

चार, हवंसं वाटणंच बदलणं. हा सगळ्यात खोल आणि लिहायला सगळ्यात अवघड. सहावीपासून मुलीला रोज काय दाखवायचं हे यंत्रानं ठरवलं, आणि दहावीत तिला मनापासून जे वाटतं तेच यंत्राला हवं होतं. मग ती निवड तिची का यंत्राची? या प्रश्नाचं सोपं उत्तर नाही, म्हणून तर कादंबरी लिहायची.

कादंबरीत चारही मार्ग कोंबू नका. एक मुख्य घ्या, एक दुय्यम. वैष्णवीच्या कथेत मुख्य तिसरा आणि दुय्यम चौथा असं धरू. यंत्राला गावात "वाटाड्या" म्हणतात, शाळेच्या टॅबवर आहे, आणि ते हुकूम सोडत नाही, नुसतं सुचवतं. पसंतीक्रमाच्या फॉर्मवर वैष्णवीला खेळाचा पर्याय दिसतच नाही. मैत्रिणीच्या फॉर्मवर दिसतो. इथून गोष्ट सुरू.

सावध: यंत्राला मालक असेल, पण खलनायक नसला तरी चालतं. बहुतेक वेळा असली यंत्रं चांगल्या हेतूनं आणतात, पोरांची गळती थांबावी, आईबापाचा पैसा वाया जाऊ नये म्हणून. तेच ठेवा. काळा कोट घातलेला, हसणारा सीईओ आला की कादंबरीचं वय पाच वर्षांनी खाली येतं.

## टप्पा ३: यंत्राचे नियम, एकच पान

हा टप्पा लोक सोडतात आणि मग मधल्या चॅप्टरला यंत्र सोयीप्रमाणं कधी हुशार, कधी बावळट वागतं. वहीचं एक पान घ्या आणि पाच गोष्टी लिहा: त्याला काय दिसतं, काय दिसत नाही, ते किती वेळा चुकतं, बिल कोण भरतं, आणि बंद पडलं तर कोणाला फोन लावायचा. शेवटचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. घाटाकडच्या वाडीत रेंज नसते, पावसाळ्यात लाइट जाते, टॅबची काच फुटलेली असते. वैष्णवीच्या मामाच्या गावात, समजा गगनबावड्याच्या बाजूला, वाटाड्याला चार महिने काही दिसलंच नाही, त्या चार महिन्यांत ती काय झाली हे त्याला ठाऊकच नाही. आयती फट मिळाली तुम्हाला.

आता मुख्य मुद्दा, इथं जरा थांबतो. असलं यंत्र भविष्य बघत नाही. ते तुमच्यासारखी दिसणारी जुनी माणसं शोधतं आणि त्यांचं पुढं काय झालं ते मोजतं. समजा वाटाड्यानं सांगितलं की बाविशीच्या आत वैष्णवीचा गुडघा जायची शक्यता ८३ टक्के. (हा आकडा कथेतला. पण गुडघ्याच्या लिगामेंटची दुखापत काही खेळांत मुलींना मुलांपेक्षा जास्त होते हे खरं आहे, त्यामुळं यंत्र उगाच बडबडत नाही असं वाचकाला वाटेल.) ह्याचा अर्थ काय? तिच्या वजनाच्या, उंचीच्या, तिच्यासारख्या सराव करणाऱ्या शंभर मुली घेतल्या तर त्यातल्या ८३ जणींचा गेला. आकडा शंभर जणींचा आहे, वैष्णवीचा एकटीचा नाही. मग तिनं विचारलंच पाहिजे: उरलेल्या सतरा जणी कोण? त्यांनी काय वेगळं केलं? त्यातली एखादी भेटेल का?

झालं, तुम्हाला कादंबरीचा मधला अर्धा भाग मिळाला. पोरगी सतरा जणी शोधायला निघते. एक कागलला शाळेत खेळ शिकवते, एक लग्न होऊन कर्नाटकात गेली, एक भेटायलाच नको म्हणते. आणि एकीचा गुडघा शाबूत आहे, पण ती कुस्तीच सोडून गेलीय. हे वाईट नाही का? आकड्यात ती यशस्वी धरलेली आहे!

दुसरा नियम, यंत्राचं बोलणं यंत्रच खरं करतं. वाटाड्यानं "हिचं पुढं होणार नाही" म्हटलं की वस्ताद वेळ दुसऱ्या पोरीला देतात, घरचे खुराकाचं दूध कमी करतात, स्पर्धेला न्यायला गाडीत जागा नसते. मग ती हरते. मग यंत्राच्या खात्यात अजून एक बरोबर. आणि ज्यांना यंत्रानं थांबवलं त्यांचं पुढं काय झालं असतं, हे यंत्राला कधीच कळत नाही, कारण त्या खेळल्याच नाहीत. हे कुठल्याही पात्राच्या तोंडून समजावून सांगू नका. गाडीत जागा नसल्याचा प्रसंग लिहा, बास.

सावध: "विज्ञानानं सिद्ध केलंय की माणसाला स्वतंत्र इच्छाच नाही" असं वाक्य शास्त्रज्ञ काकांच्या तोंडी घालायचा मोह होतो. १९८३ मध्ये बेंजामिन लिबेट यांनी प्रयोग केला होता, त्यात हात हलवायचा निर्णय झाल्याची जाणीव माणसाला होण्याच्या काही दशांश सेकंद आधीच मेंदूत हालचाल सुरू झालेली दिसली. त्यावरनं लोकांनी लई मोठे निष्कर्ष काढले. पण २०१२ मध्ये आरॉन शुर्गर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ती हालचाल मेंदूतल्या नेहमीच्या चढउतारातूनही तशी दिसू शकते. आणि बोट कधी हलवायचं हे ठरवणं आणि आयुष्याचं काय करायचं हे ठरवणं एकच आहे का, हा वाद वेगळाच. म्हणून कथेत आणायचंच असेल तर दोन पात्रांचं भांडण म्हणून आणा, निकाल म्हणून नको.

तपासा: यंत्र दहापैकी नऊ वेळा बरोबर येतंय का? येत नसेल तर त्याला नाकारण्यात हिंमत ती काय.

## टप्पा ४: गाव बसवा

हा टप्पा छोटा. एकच गोष्ट बदला, बाकी कोल्हापूर आहे तसं ठेवा. उडत्या रिक्षा, काचेचा रंकाळा, रोबो पुजारी हे सगळं काढा. वाचक रोज केएमटीत चढतो, त्याला बस ओळखीची वाटली तर वाटाड्या पण खरा वाटेल. गंगावेशीत म्हशीचं दूध तसंच, रविवारी फुटबॉलची मॅच तशीच, पेठांची खुन्नस तशीच.

पण गावाचा धोका वापरा. वडणगे, चिखली, आंबेवाडी हा पट्टा पुराचा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४३ फुटांवर धोका पातळी, हे इथल्या शेंबड्या पोराला पण पाठ आहे, आणि २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं हे पण. पुराच्या वेळी "घर सोडा" हा मेसेज येतो आणि माणसं गोठ्यातली जनावरं सोडून हलत नाहीत. इथं यंत्र बरोबर असतं, माणूस हट्टी असतो. असा एक प्रसंग कादंबरीत घालाच, साधारण दोन तृतीयांशावर, जिथं वैष्णवी वाटाड्याचं ऐकते आणि त्यामुळं आज्जी वाचते. ज्या यंत्रावर ती चिडलीय त्यानंच आज्जी वाचवली, मग आता? पूर नुसता देखावा म्हणून आणला तर वाया जाईल, तो यंत्राच्या बाजूचा साक्षीदार म्हणून आणा.

## टप्पा ५: शेवटचा निर्णय आधी लिहा, मग शिडी लावा

आता लॅपटॉप उघडा, पण पहिला चॅप्टर नको. वैष्णवी फॉर्म भरते तो प्रसंग लिहा. दोन-तीन पानं. ती काय निवडते हे तुम्हालाच अजून नक्की नसेल तर दोन्ही शेवट लिहून बघा, आणि जो लिहिताना जास्त जड गेला तो ठेवा.

मग उलटं मागं या आणि पाच-सहा लहान निर्णयांची शिडी लावा. प्रत्येक निर्णयाची किंमत आधीच्यापेक्षा जास्त हवी:

१. मैत्रिणीचा टॅब गुपचूप उघडून तिचा फॉर्म बघणे. (पकडली गेली तर मैत्री जाईल.)
२. सरावाची खोटी नोंद करणे. वाटाड्याला फसवता येतं हे इथं कळतं.
३. बापाला सहावीतल्या सहीबद्दल विचारणे. हा प्रसंग शांत लिहा, आरडाओरडा नको, बाप फौंड्रीतनं दमून आलाय आणि त्याला तो फॉर्म आठवत पण नाही.
४. सतरा जणींतली जी भेटायला नको म्हणाली, तिच्या दारात जाऊन उभं राहणे.
५. पुरात वाटाड्याचं ऐकणे.
६. फॉर्म.

बघा, पाचवी पायरी उलट्या दिशेची आहे. ती नसती तर कादंबरी सरळ प्रचार झाली असती.

सावध: "आणि तिला जाग आली" हा शेवट नको. "सगळं यंत्रानंच घडवून आणलं होतं, तिचं बंड पण" हा शेवट पण नको. पहिल्यांदा वाचताना भारी वाटतो, पण त्यामुळं आधीच्या सगळ्या पायऱ्या फुकट जातात आणि वाचक चिडतो, चिडू दे म्हणाल तर पुस्तक मित्राला देत नाही.

## टप्पा ६: खर्डा

इथं फार सांगण्यासारखं नाही, बसायचं आणि लिहायचं. या वयाला पस्तीस ते पन्नास हजार शब्द पुरतात, चॅप्टर दीड-दोन हजारांचे ठेवा. तीन गोष्टींकडं मात्र लक्ष द्या.

भाषा. निवेदन तुम्हाला झेपेल त्या मराठीत करा, पण पात्रांना पुण्याचं बोलायला लावू नका. इथल्या कितीतरी मुली "मी आलो", "मी जेवलो", "मी जातो" असंच बोलतात, तर वैष्णवीला तसंच बोलू द्या. घरात असं: "आई, मी तालमीकडं चाललो." आणि वाटाड्या तिला उत्तर देताना शुद्ध पुस्तकी बोलतो: "आपण सरावास जात आहात. आज विश्रांतीची शिफारस आहे." वाटाड्या परका आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. फक्त प्रत्येक वाक्यात "भावा" आणि "नाद खुळा" घालू नका, ते टी-शर्टवर बरं दिसतं.

मोठी माणसं. आईबाप मूर्ख नकोत. त्यांना यंत्र आवडतं कारण त्यांच्या वेळी सांगणारं कुणीच नव्हतं, चुकीची लाइन घेतली आणि वीस वर्षं भट्टीसमोर गेली. बापाला हे एकदा बोलू द्या. एकदाच.

विज्ञान. एका प्रसंगात तीनपेक्षा जास्त वाक्यं सलग समजावणीची आली की थांबा आणि पात्राच्या हाताला काहीतरी काम द्या. वैष्णवीला यंत्र कसं चालतं हे पूर्ण कळायची गरज नाही, टप्पा तीनचं पान तुमच्यासाठी आहे, ते छापायचं नाही.

तपासा: दर पाच चॅप्टरनंतर ते पान काढून बघा. नियम मोडला असेल तर प्रसंग बदला. नियम बदलला तर मागचे सगळे चॅप्टर परत वाचावे लागतील, हे ध्यानात ठेवून काय ते ठरवा.

## टप्पा ७: वाचून घेणे आणि छाटणी

खर्डा झाला की निदान पंधरा दिवस हात लावू नका. मग त्या वयाच्या चार-पाच जणांना द्या, स्वतःच्या पोरांना नको आणि स्वतःच्या विद्यार्थ्यांना तर अजिबात नको, ते "छान आहे सर" म्हणणार. प्रिंट काढून द्या, मार्जिन मोठा सोडा, आणि सांगा की जिथं कंटाळा आला तिथं नुसती रेघ मार, कारण लिहू नकोस. दोघातिघांची रेघ एकाच पानावर आली की ते पान जातं, मग ते तुमचं कितीही लाडकं असो. माझ्या अनुभवानं ते पान नेहमी शास्त्रज्ञ काकांचंच असतं.

पुस्तक कसं वाटलं असं विचारू नका. दोनच प्रश्न विचारा: शेवटचा फॉर्म तू कसा भरला असतास, आणि ती चुकली असं कुठं वाटलं. पहिल्याला सगळ्यांचं उत्तर वैष्णवीसारखंच आलं तर टप्पा एककडं परत जा, दुसऱ्या बाजूत वजन कमी पडलंय. सगळ्यांचं विरुद्ध आलं तरी तेच. दुसऱ्याला कुणालाच काही सुचलं नाही, तर पोरगी फारच शहाणी लिहिलीय, तिला एकदा तरी खरंच चुकू द्या आणि ती चूक शेवटपर्यंत दुरुस्त करू नका.

शेवटची छाटणी मशीननं होते. फाइलमध्ये "स्वातंत्र्य", "निवड", "गुलाम", "कठपुतळी" हे शब्द सर्च करा आणि संवादांमधून सगळे काढा. सोळा वर्षांची पोरगी बापाशी बोलताना "माझं निवडीचं स्वातंत्र्य" म्हणत नाही, ती म्हणते, "मला विचारलं का कुणी?" ते वाक्य सुद्धा कादंबरीत एकदाच ठेवा. मग फाइल युनिकोडमध्ये आहे का बघा, जुन्या फॉन्टात असेल तर आत्ताच बदलून घ्या आणि जोडाक्षरं परत एकदा डोळ्यांनी तपासा, कारण ती बदलताना तुटतात, आणि प्रकाशकाकडं पहिली तीन प्रकरणं आणि एका पानाचा सारांश पाठवा. सारांशात शेवट लपवू नका, त्यांना तो आधी कळायला लागतो.